गुणवंताच्या नऊ कॅसेटी

सौंसरच्या शाळेत गुणवंताला नावानं हाक मारणारे थोडेच होते. मास्तर लोक त्याला "प्रयोगशाळा" म्हणायचे. "ओ प्रयोगशाळा, दोन बीकर आणजो जरा!" अशी हाक आली की तो धुतलेले हात पँटला पुसत वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. पोरं मात्र त्याला गुणवंता सर म्हणत. ते ऐकलं की मुख्याध्यापक वामनराव चष्म्यावरून पाहत, कारण तो सर नव्हता. तो प्रयोगशाळेचा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, बेडकाच्या बरण्यांवरची धूळ पुसायची आणि संध्याकाळी लोहचुंबकं मोजून लाकडी पेटीत उलटसुलट टोकं करून ठेवायची, म्हणजे त्यांचा जोर टिकतो. बारा वर्षं हेच काम.

तिगावकडच्या एका खेड्यात त्याचा जन्म. बाप शालिकराम दुसऱ्याच्या कपाशीत राबला आणि राबता राबताच गेला. घरात मॅट्रिक झालेला गुणवंता पहिलाच. सगळं शिक्षण मराठीतून. इंग्रजी सहावीपासून, तेही अर्धं फळ्यावर आणि अर्धं मास्तरांच्या तोंडात राहिलेलं. बायको प्रमिला सावरगावची, बोलायला खणखणीत. सौंसरात दोघांची एक भाड्याची खोली, एक पोरगी आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय गुणवंता चहा घेत नसे. फार बोलत नसे. रेडिओ, पंखा, शाळेचा भोंगा, काहीही बिघडलं तर स्वतःच उघडून बसायचा आणि बहुतेक वेळा ते सुधारायचंही.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर शाळेत दोन खोकी आली. विलायती बनावटीचे कॉम्प्युटर, दोन लहान टीव्ही, एक टेपरेकॉर्डर, एक सरकारी कॅसेट आणि इंग्रजी पुस्तकं. ते शिकवायला एक तरुण सर भोपाळहून शिकून आले होते. त्यांनी चार महिने शिकवलं आणि नागपुरात बँकेची नोकरी लागताच निघून गेले. वामनरावांनी दोन्ही यंत्रांवर हिरवं कापड घातलं आणि किल्ली गुणवंताकडे दिली.

"धूळ नको बसू देजो. अन् हात नको लावजो."

धूळ पुसायची तर हात लावावाच लागतो. गुणवंतानं तो लावला.

पहिले पंधरा दिवस तो नुसतं पुस्तक वाचत होता. शेजारी शब्दकोश. एक ओळ समजायला अर्धा तास जायचा. मग एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, त्यानं टीव्ही लावला, सरकारी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, पुस्तकात दिले होते ते शब्द एकेक बटण शोधून दाबले आणि टेप सुरू केली. टेपमधून जो आवाज निघाला त्यानं व्हरांड्यातली कुत्री उठून पळाली. कढईत ओली मिरची टाकावी तसा चरचर, किर्रर्र आवाज. तो आवाज म्हणजेच खेळ होता. दोनतीन मिनिटं तो यंत्राच्या पोटात उतरत राहिला, आणि मग काळ्या पडद्यावर एक रंगीत पक्षी आला आणि पंख हलवू लागला.

गुणवंता स्टुलावरून उठला. कोणाला तरी सांगावं म्हणून दाराशी गेला. व्हरांड्यात फक्त अंबाबाई झाडत होती.

अंबाबाई शाळेची घंटा द्यायची, पाणी भरायची, झाडझूड करायची. पंचावन्नच्या पुढची विधवा, चौथी शिकलेली, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारी. सगळी शाळा ती झाडायची, पण प्रयोगशाळेत गुणवंताच्या स्टुलाभोवतीचा कोपरा सोडून द्यायची. तो कोपरा गुणवंता स्वतः झाडायचा. बारा वर्षांत ह्यावर दोघंही एक शब्द बोलले नव्हते.

"मावशी, या इकडे. पाहा."

तिनं उंबऱ्यातूनच मान आत घातली. "काय पाहू? सिनेमा लावला का?"

"सिनेमा नाई. हे आपल्या म्हणण्यानं चालते."

"माणसं नाई चालत म्हणण्यानं, अन् हे चालते म्हणे," असं म्हणत ती निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

सरकारी कॅसेटमध्ये थोडेच खेळ होते. महिन्याभरात ते सगळ्या शाळेला पाठ झाले. गुणवंताला आणखी खेळांची भूक लागली. नागपुरात सीताबर्डीवर रवींद्र म्हणून एकाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेच्या भोंग्याचे भाग गुणवंता त्याच्याकडूनच आणायचा. रवींद्रकडे तसंच एक यंत्र होतं आणि खेळांच्या कॅसेटींची एक पेटीच होती. रविवारी गुणवंता तिथं जाऊन बसला.

"याचे काय द्यावं लागन?" त्यानं विचारलं.

"काय द्यायचं? कोरी कॅसेट आन, भरून ने." रवींद्र रेडिओतल्या तारेला डाग देता देता बोलत होता. "ज्यानं हे लिहिलं, त्यानंच मासिकात छापून देल्लं. घ्या, चालवा, बदला, दुसऱ्याले द्या."

"मंग त्याचं कमी नाई होत?"

"तुझ्या पोरीनं तुझ्यापासून पाढे पाठ केले, तं तुझे कमी होतात का?"

गुणवंता बसमध्ये बसून सौंसरपर्यंत ह्याचाच विचार करत आला. दानाबद्दल त्यानं विहारात खूप ऐकलं होतं. पण देणाऱ्यापाशी जेवढ्याचं तेवढं उरतं आणि घेणाराही भरून जातो, असं दान त्यानं पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. रात्रीच्या वंदनेत त्यानं त्या न पाहिलेल्या, अनोळखी विलायती माणसांसाठीही हात जोडले. प्रमिलानं विचारलं, "आज कोनासाठी एवढा वेळ?" तो म्हणाला, "नाव नाई माहीत."

त्या वर्षी कॅसेटी वाढत गेल्या. सापाचा खेळ आला, भिंत फोडायचा आला, चंद्रावर यान उतरवायचा आला. काही खेळ कॅसेटवर मिळत नसत. रवींद्र जुनी मासिकं द्यायचा आणि त्यातून ओळीच्या ओळी बघून यंत्रात टंकाव्या लागत. एक स्वल्पविराम राहिला तरी यंत्र अडून बसायचं. एक खेळ टंकायला गुणवंताला अकरा दिवस लागले. त्यात आकाशातून दगड पडत आणि खाली एक माणूस इकडून तिकडे पळून जीव वाचवी. पोरांनी तो पाहिला मात्र, एकजण ओरडला, "सर, ही तं गोटमार होय! हा सावरगावचा, वरून मारणारे पांढुर्ण्याचे!" मग खोलीत दोन तट पडले आणि एवढा गोंगाट झाला की वामनराव छडी घेऊन आले.

घरी त्यानं हे हसत सांगितलं. प्रमिला हसली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीत तिच्या मोठ्या भावाचा डोळा गेला होता.

"दगडाचा खेळ काहून दाखवता लेकरायले? वर्षातून एक दिवस होते तेवढं पुरे नाई का?"

आठ दिवस गुणवंता त्या ओळींमध्ये डोकं घालून बसला. दगडांची त्यानं संत्री केली आणि पळणाऱ्या माणसाची टोपली. आता वरून संत्री पडत आणि ती टोपलीत झेलायची. हा खेळ पोरांना इतका आवडला की मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेपुढे रांग लागायची. एकदा सगळ्यांना बाहेर काढून अंबाबाई स्टुलावर बसली आणि एका दमात सत्तावीस संत्री झेलली.

"बागेत तोडायले गेलो तं हात दुखतात, अन् इथं पाह्य, एकही सडलं नाई!" ती म्हणाली. उठताना तिच्या लक्षात आलं की आपण कोणाच्या स्टुलावर बसलो होतो.  तिनं झाडू आणला आणि तो कोपराही झाडून टाकला. गुणवंता परीक्षानळ्या पुसत राहिला. त्याला वर बघायचं धैर्य झालं नाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. यंत्राला मराठी येत नव्हतं. पण पुस्तकाच्या शेवटी एक गोष्ट दिली होती: आठ आडवे, आठ उभे अशा चौकोनांत काळे-पांढरे ठिपके भरून कोणताही आकार बनवता येतो, त्या ठिपक्यांचे आठ आकडे यंत्राला सांगायचे, की तो आकार त्याचं अक्षर होतं. गुणवंतानं आलेखाचा कागद घेतला आणि 'क' काढायला बसला. तो खेकड्यासारखा दिसू लागला.

"हे काय करून राहिला रे भाऊ?" अंबाबाईनं मागून विचारलं.

"अक्षर काढून राहिलो. ठिपके भरून."

"अरे, मंग ही तं रांगोळी होय! सरक तिकडे." तिनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. "पोट एवढं मोठं नाई काढत. इथं एक ठिपका सोड, म्हणजे गोल दिसन. अन् काठीले दोन घर दे."

तेव्हापासून हे काम दोघांचं झालं. ती ठिपके मांडायची, तो आकडे काढून यंत्राला सांगायचा, पडद्यावर अक्षर उमटलं की ती नावं ठेवायची. "तुझा 'ळ' पाह्य, जिलबी पडली जशी." एखाद्या अक्षराला दोन चौकोन लागत, मात्रा-वेलांट्या तर जीव खात. सात महिन्यांत बेचाळीस अक्षरं झाली. कागदावरचा ठिपका पडद्यावर बरोबर दिसत नसे, म्हणून शेवटचे बदल ते पडद्यावरच करत आणि लगेच कॅसेटमध्ये भरत. कागदांवर राहिला तो पहिला कच्चा आकार. पक्की अक्षरं फक्त कॅसेटमध्ये होती.

एका दुपारी गुणवंतानं पडद्यावर मोठ्या अक्षरात 'अंबाबाई' लिहून दाखवलं. ती बघत राहिली. मग पदर खांद्यावर ओढला आणि टीव्हीला हात जोडले.

"स्वतःच्या नावाले कायले पाया पडता मावशी?"

"नावाले नाई रे. ज्यानं दाखवलं त्याले."

त्याला की देवाला, हे तिनं सांगितलं नाही आणि गुणवंतानं विचारलं नाही.

भाद्रपदात छिंदवाड्याहून, जिल्ह्याच्या शिक्षण खात्याचा कागद आला. ज्या शाळांत यंत्रं नुसती पडून आहेत, तिथून ती उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी नेणार होते. तपासायला साहेब दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी येणार. वामनरावांनी गुणवंताला बोलावलं.

"दाखवण्यासारखं आहे का काही आपल्यापाशी?"

"आहे सर. खेळ आहेत, पाढ्यांचा धडा आहे, मराठी अक्षरं आहेत."

"मराठी? ह्या यंत्रावर?" वामनरावांनी चष्मा काढला. "मंग तेच दाखवजो. खेळ नको दाखवू. बोलीन मी, तू मागून बटणं दाबजो."

गुणवंताला तेवढं पुरे होतं. यंत्र शाळेत राहिलं पाहिजे, बोलणारा कोणीही असो. त्यानं सगळं पुन्हा तपासलं. प्रत्येक गोष्टीच्या दोन-दोन प्रती केल्या. सरकारी एक आणि त्याच्या आठ अशा नऊ कॅसेटी एका बिस्किटाच्या डब्यात रचल्या.

अशोक विजयादशमीला तो दरवर्षी बायको-पोरीला घेऊन दीक्षाभूमीवर जायचा. ह्याही वर्षी निघाला. अष्टमीला दुपारी त्यानं प्रयोगशाळेची किल्ली अंबाबाईला दिली आणि डबा दाखवला.

"मावशी, याले जपजा. मुंग्या लागू देऊ नका, ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका."

"लेकरू सोपवून राहिला जसा! जा, निर्धास्त जा."

पुस्तकात चौथीही गोष्ट लिहिली होती. तो शब्द गुणवंतानं शब्दकोशात पाहिला होता. पण कॅसेटीजवळ लोहचुंबक कोण कशाला आणेल, असं वाटून त्यानं ते सोडून दिलं होतं. चुंबकांच्या पेटीला त्याच्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं.

नवमीला शाळेत खंडेनवमीची पूजा असते. मुलं नसतात, पण वामनराव नारळ फोडतात. घंटा, तराजू, कंपासपेट्या, शिवणाच्या तासाची यंत्रं, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या वर्षी अंबाबाईनं वामनरावांना म्हटलं, "गुणवंता नाई, म्हणून त्याच्या मशीनची पूजा काहून राहावी? मी करतो." तिनं प्रयोगशाळेचं मोठं टेबल धुतलं, पांढरं कापड अंथरलं. दोन्ही यंत्रांना झेंडूचे हार घातले. डब्यातून नऊ कॅसेटी काढून ओळीनं मांडल्या, प्रत्येकीच्या खोक्यावर कुंकवाचं बोट लावलं. शस्त्रपूजा आहे तर शस्त्र हवं. शाळेत लोखंडाचं, धाक वाटावा असं काय असतं? तिनं चुंबकांची पेटी उघडली आणि प्रत्येक कॅसेटवर दोन-दोन चुंबकं आडवी ठेवली. ती जड होती. पंख्यानं फुलंही उडेनात. मांडलेली पूजा दसरा होईपर्यंत हलवत नाहीत. ती तशीच दोन दिवस राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंता परत आला आणि सरळ शाळेत गेला. अंबाबाई दाराशीच होती, हातात सोनं घेऊन.

"पाह्य! तुझ्या मशीनचा थाट पाह्य! तू तं करत नाईस, म्हणून मी तुझ्या नावानं केली. साहेबाच्या समोर काही अडू नये म्हणून."

गुणवंतानं तिच्या हातून आपट्याची पानं घेतली. मग टेबलाकडे पाहिलं. चुंबकं पाहिली. कॅसेटी पाहिल्या. पानं त्यानं खिशात ठेवली आणि एकेक चुंबक सावकाश उचलून पेटीत ठेवलं, उलटसुलट टोकं करून, रोजच्यासारखं.

पहिली कॅसेट लावली. चरचर आवाज आला, मधेच बुडाला, पुन्हा आला. पडद्यावर अक्षरं उमटली: रिवाइंड टेप. त्यानं टेप मागे नेली. पुन्हा तेच. दुसरी लावली, तिसरी लावली. आवाज सगळ्यांत थोडाथोडा उरला होता, पण यंत्राला थोडाथोडा चालत नाही. एका जागी खंड पडला की सगळं व्यर्थ. नऊ कॅसेटी, दोन्ही बाजू. दुपार झाली. संत्री गेली, साप गेला, चंद्र गेला. बेचाळीस अक्षरं गेली.

अंबाबाई प्रसादाची वाटी घेऊन मागे उभी होती. "काय झालं रे? रुसली का मशीन? नारळ कमी पडला का?"

एवढंच सांगायचं होतं: मावशी, चुंबकानं पुसलं. तीन शब्द. त्यानं तिच्याकडे पाहिलं. नऊ दिवसांच्या उपासानं ओढलेला चेहरा, पायाला भेगा, आणि वाटीत त्याच्यासाठी राखून ठेवलेलं खोबरं. बारा वर्षं जिनं त्याचा कोपरा सोडला, तिनं त्याच्या नावानं पूजा केली होती.

"वायर ढिली झाली," तो म्हणाला. "होऊन जाईन."

हाती दोन दिवस होते. रवींद्रकडे जाऊन खेळ पुन्हा आणता आले असते, पण खेळ दाखवायचे नव्हते, आणि अक्षरं रवींद्रकडे नव्हती. ती जगात कोणाकडेच नव्हती. गुणवंतानं कच्चे कागद काढले आणि पुन्हा टंकायला बसला. सात महिन्यांची दुरुस्ती आठवेना. 'र' साधला; 'स' तिरका आला. अंबाबाई मदतीला आली तर तिला कळलं असतं, म्हणून त्यानं दार लोटून घेतलं. बाहेरून ती म्हणाली, "दार कायले लावलं रे? मी ठिपके सांगतो ना!" तो म्हणाला, "आकडे चुकतात मावशी, बोलू नका." ती गेली. सकाळ-संध्याकाळ तो बुद्धाचं नाव घेत बोटं चालवत राहिला. दोन दिवसांत अकरा अक्षरं झाली. 'सौंसर' आणि 'शाळा' एवढं लिहिता येत होतं.

साहेब सकाळी अकराला आले. जीप, एक बाबू, फाइल. वामनरावांनी भाषण केलं. गुणवंतानं मागून बटणं दाबली. पडद्यावर आलं, 'सौंसर शाळा'.

"और?" साहेब म्हणाले.

वामनरावांनी गुणवंताकडे पाहिलं. गुणवंता म्हणाला, "बस, इतनाच साहब."

"सालभर में दो शब्द?" साहेब हसले, बाबूही हसला. "अच्छा, जो सरकारी कैसेट भेजी थी, वो लगाइए. मिलान करना है."

गुणवंतानं ती कॅसेट लावली. लावताना त्याला माहीत होतं. खोलीत तो फाटका आवाज भरला आणि पडद्यावर उमटलं: रिवाइंड टेप. साहेबांनी तीनदा लावायला सांगितलं. तिन्ही वेळा तेच.

"ये तो मिटी हुई है. किसने मिटाई?"

वामनरावांच्या कपाळाला घाम आला. दारात अंबाबाई पाण्याचे पेले घेऊन उभी होती.  कॅसेटच्या खोक्यावर कुंकवाचा डाग राहिला होता. साहेबांनी तो नखानं खरवडला.

"ये क्या लगा है?"

त्या डागावरून पुढे सगळं उलगडलं असतं. गुणवंता पुढे झाला.

"मेरे से मिटी साहब. गाने भर लिये थे मैंने."

 वामनराव एकदम मोठ्यानं म्हणाले, "गाणे? सरकारी कॅसेटीवर गाणे भरले तू? किल्ली ह्यासाठी दिली होती का तुला?" त्यांच्या आवाजात सुटका होती; ती फक्त गुणवंताला ऐकू आली. साहेबांनी लिहिलं. गुणवंतानं खाली सही केली.

यंत्रं त्याच जीपमधून गेली. हार काढायचे राहिले होते. बाबूनं ते तोडून व्हरांड्यात टाकले. आठवड्याभरात प्रयोगशाळेची किल्ली दुसऱ्याकडे गेली आणि गुणवंताला सायकलींच्या छपराखाली राखणीला बसवलं. पोरं त्याला आता सर म्हणेनात. जाता जाता एखादा विचारी, "काय गुणवंता, कोणते गाणे भरले होते?" प्रमिलाला त्यानं सगळं खरं सांगितलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही आणि मग म्हणाली, "तुमच्या सहीनं कोनाचं भलं झालं, ते तरी सांगा." 

अंबाबाईला मात्र वाटलं, खरंच गाणी भरली असतील. ती त्याला रागावली, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी छपराखाली चहा आणून दिला. "चुकते माणूस. पण सांगत जाय ना मले. मी नवी कॅसेट आनून देल्ली असती." गुणवंतानं चहा घेतला. तेव्हाही तो सांगू शकला असता.

पौषात नववीच्या वर्गावर विज्ञानाच्या प्रतिभा मॅडम चुंबक शिकवत होत्या. लोखंडाचा कीस, दिशा, सगळं झालं. मग त्या सहज म्हणाल्या, "आणि हो, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटीजवळ चुंबक कधी ठेवायचं नाही. त्यात भरलेलं सगळं पुसून जातं." व्हरांड्यात अंबाबाई माठ भरत होती. माठ वरून वाहू लागला, तरी तिचा हात थांबला नाही.

त्या दिवशी तिनं शेवटची घंटा वेळेवर दिली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मग कळलं की तिनं रजा टाकली आहे, आणि मग कळलं की नोकरीच सोडली आणि पांढुर्ण्याला मुलाकडे, मनोहरकडे राहायला गेली.

चुंबकाच्या त्या तासाचं पोरांकडून कानावर आलं, तेव्हा ती का गेली ते गुणवंताला उमगलं. फाल्गुनात तो तिच्याकडे गेला. सौंसरहून सकाळची बस धरली. मनोहरचं घर शोधायला वेळ लागला. अंगणात खाटेवर मिरच्या वाळत होत्या आणि ती एकेक उलटत बसली होती. त्याला पाहून उठली नाही, 'बस' असंही म्हणाली नाही. तो उभाच राहिला.

"मावशी, तुम्ही मुद्दाम थोडीच केलं? चूक माझी होती. चुंबकाचं मी सांगतलंच नाई तुम्हाले."

"थे नाई सांगतलं, थे ठीक." ती मिरच्यांकडेच बघत होती. "पण मंग काहून नाई सांगतलं? तू आला त्या दिवशी? मी प्रसाद घेऊन मागंच उभी होतो."

"तुम्हाले वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. रडली असतो. तुले चार शिव्या देल्या असत्या, तू मले देल्या असत्या. अन् मंग दोघंही ठिपके मांडायले बसलो असतो. तुले अकरा अक्षरं आठवली, मले बेचाळीसही आठवत होते रे! आजही आठवतात. तू दार लावून बसला अन् मी बाहेर उभी."

 हे गुणवंताच्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्षरं जगात कोणाकडेच नाहीत असं तो धरून चालला होता.

"बारा वर्षं मी तुले परकं धरलं, थे मले माहीत आहे," अंबाबाई म्हणाली. "त्याचं पाप मी देवीसमोर कबूल केलं. पण तू मले कधी धरलं परकं, थे मले कळलंच नाई. साहेबासमोर चोर झाला, पण मले विचारलं नाई."

"आता काढून द्या ना मावशी. कागद आनले आहेत मी."

त्यानं पिशवीतून आलेखाचे कागद काढले. तिनं हात पुढे केला नाही.

"कायच्यात भरणार? मशीन कुठं आहे?"

मशीन नव्हतं. छिंदवाड्याला कुठल्याशा खोलीत ते बंद होतं म्हणे. रवींद्रनंही त्याचं विकून टाकलं होतं. गुणवंतानं कागद पुन्हा पिशवीत ठेवले. आतून सुनेनं विचारलं, "सासूबाई, कोन आलं?" अंबाबाई म्हणाली, "शाळेतला माणूस होय. जाऊन राहिला."

ऊन खाटेवरून सरकत होतं. तिनं खाट एका बाजूनं उचलली. ती एकटीला उचलेना. गुणवंतानं दुसरी बाजू धरायला हात लावला. ती म्हणाली, "राहू दे. मनोहर येईन." तो मागे सरला आणि फाटकाकडे वळला. सौंसरची बस तीन वाजता होती, आणि अजून बारा वाजले होते. तो बसस्टँडवर जाऊन बसला.